दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे

माणसाच्या डोक्यावर किती केस आहेत यापेक्षा ते त्याचे स्वतःचे आहेत की नाहीत, हा प्रश्न समाजाने नेहमीच अधिक गांभीर्याने घेतलेला आहे. केस कमी असलेल्या माणसाला समाज सांभाळून घेतो. केस भरपूर असलेल्याचं कौतुक करतो. पण ज्याचे केस कालपर्यंत कमी होते आणि आज भरपूर आहेत, त्याच्याकडे बघताना समाजाची नजर कपाळाच्या दोन बोटं वर अडकते आणि काही केल्या खाली येत नाही. या दोन बोटांच्या जागेत एक अख्खा व्यवसाय उभा आहे.

होईलराव ज्या दुकानात नोकरीला होते ते या व्यवसायातलं नामांकित दुकान. (नामांकित म्हणजे ज्याचं नाव कोणीही, कधीही, कोणाजवळही घेत नाही, असं.) दुकान विगचं होतं, पण दर्शनी काचेत फक्त कंगवे, ब्रश आणि केसांचे आकडे मांडलेले असत. पुढच्या दाराने येणारा माणूस कंगवा घेऊन जाई. खरं गिऱ्हाईक मागच्या गल्लीतून येई, कारण त्या दाराच्या वर दातांचा दवाखाना होता आणि दवाखान्यात जाताना दिसण्यात कमीपणा नाही. विग ज्या पिशवीत घालून देत तिच्यावर बुटांच्या दुकानाचं नाव छापलेलं असे. त्यामुळे काही गिऱ्हाइकांच्या शेजाऱ्यांना वाटे की या घरात बुटांचा अतिरेक चाललाय. पण बूट फार असल्यामुळे कोणाचं लग्न मोडल्याचं ऐकिवात नाही.

होईलरावांना होईलराव म्हणत, कारण त्यांना काहीही सांगितलं की ते "होईल" म्हणत. "करतो" असं ते कधी म्हणत नसत. व्यवस्थापक म्हणून त्यांच्यात दोन मोठे दोष होते. पहिला म्हणजे त्यांच्या डोक्यावर स्वतःचे, दाट, काळेभोर केस होते. अशा दुकानात हा जवळजवळ उद्धटपणा. गिऱ्हाइकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून मालकांनी त्यांना कामाच्या वेळेत टोपी घालायला लावली होती. दुसरा दोष असा, की लोक त्यांना सगळं सांगत.

तीन बाजूंनी आरसे असलेल्या त्या छोट्या खोलीत, खुर्चीवर बसून, गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून घेतलेला माणूस आपोआप खरं बोलू लागतो. आणि विग नीट बसवायचा तर बरंच विचारावं लागतं. कोणत्या कुशीवर झोपता? घाम मानेकडे येतो की कानामागे? रागावल्यावर डोकं हलवता का? मिठी मारणारं कोणी आहे का, आणि असल्यास मिठी मारताना ती व्यक्ती हात कुठे ठेवते? हे सगळं होईलराव हळू आवाजात विचारत, गिऱ्हाईक त्याहून हळू आवाजात सांगे आणि होईलराव ते कार्डावर लिहून घेत. एका कार्डावर लिहिलं होतं : "मुलाखतींना जाताना वापर. घरी नाही. बायकोला माहीत आहे, सासऱ्यांना नाही." कार्डं कपाटात. कपाटाची किल्ली होईलरावांच्या खिशात. पंधरा-सोळा वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. व्यवसायाच्या दृष्टीने पाहता ही चिंतेचीच बाब म्हणायची.

ती चिंता सर्वप्रथम मालकांच्या जावयाच्या लक्षात आली. जावई नुकताच एका निवासी शिबिराला जाऊन आला होता. तिथे त्याला गळ्यात अडकवायचं एक ओळखपत्र मिळालं होतं आणि ते त्याने परत आल्यावरही बरेच दिवस काढलं नाही.

"बाबा," तो मालकांना म्हणाला, "आपण केवढ्या डेटावर बसलोय, कल्पना आहे?"

मालकांनी उठून खुर्चीकडे पाहिलं.

जावयाने मग समजावलं. गिऱ्हाइकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारा एक कृत्रिम बुद्धीचा सहायक बाजारात आला होता. तो फोनवरच्या चॅटमध्ये चोवीस तास बोलतो, दमत नाही, रजा मागत नाही आणि प्रत्येकाशी अगदी घरच्यासारखा वागतो. (घरचे कसे वागतात याची माहिती त्याला कोणी दिली हे कळलं नाही.) जावयाने त्याचं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं : हितगुज.

"फक्त त्याला खाऊ घालावं लागतं," जावई म्हणाला. "होईलराव, कपाटातली सगळी कार्डं त्यात टाका. जितकं टाकाल तितकं ते हुशार होईल."

होईलरावांनी टोपी जराशी मागे सारली. "गिऱ्हाइकांना एकदा विचारायला नको?"

"विचारलं तर नाही म्हणतील."

"मग?"

"मग काय? म्हणूनच नाही विचारायचं."

या युक्तिवादात कुठेतरी भोक आहे असं होईलरावांना वाटलं, पण ते नेमकं कुठे हे त्यांना बोट ठेवून दाखवता येईना. मालक छताकडे बघत होते. होईलराव म्हणाले, "होईल."

आणि झालं. आठवडाभर बसून त्यांनी एकेक कार्ड यंत्राखाली धरलं, कळ दाबली आणि पुढचं घेतलं. मधूनच एखादं कार्ड त्यांच्या हातात थबके. मग ते कळ दाबत.

हितगुज चालू झालं आणि दुकानाची भरभराट झाली, हे मान्यच करायला हवं. त्याची भाषा लाघवी होती. तक्रार करणाऱ्याला ते आधी धन्यवाद देई, मग त्याच्या भावना समजून घेई आणि शेवटी तक्रार करण्याएवढा विश्वास दाखवल्याबद्दल पुन्हा धन्यवाद देई. एवढ्यात माणूस तक्रार विसरे. जावयाने केलेल्या पाहणीत दर शंभर गिऱ्हाइकांपैकी ब्याण्णव समाधानी निघाले. उरलेल्या आठांना प्रश्न समजला होता.

हितगुजचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते उदाहरणं देई. नुसतं "टिकेल" म्हणण्यापेक्षा उदाहरणाने गिऱ्हाइकाला धीर येतो, हे तत्त्व त्याने स्वतःच शोधून काढलं होतं. एकाने विचारलं, "वाऱ्यात उडणार तर नाही?" हितगुज म्हणालं, "मुळीच नाही. मुख्य चौकात सकाळच्या पाळीला उभे असणारे वाहतूक हवालदार हेच मॉडेल तीन वर्षं वापरत आहेत." दुसऱ्याने विचारलं, "भावनिक प्रसंगी ओघळलं तर?" त्यावर एका नामवंत वक्त्याच्या मानेच्या घामाविषयी त्याला सविस्तर, आणि खरं सांगायचं तर अत्यंत उपयुक्त, माहिती मिळाली. कोणाचीही तक्रार आली नाही. ज्यांची माहिती मिळाली ते खूश होते आणि ज्यांची दिली त्यांना ठाऊक नव्हतं. व्यवहारात दोन्ही पक्षांचं असं समाधान क्वचितच साधतं.

मग एका पालकाने एक साधा प्रश्न विचारला. शाळेच्या नाटकात त्याच्या मुलीला बाईंचं काम होतं. डोक्याला नैसर्गिक वाटेल असं काहीतरी हवं होतं. मुलगी कोणत्या शाळेत आहे, हेही त्याने मोकळ्या मनाने सांगितलं. (मोकळं मन हा एकूणच या प्रकरणातला एक घटक होता.)

हितगुजने उत्तर दिलं, "किती छान भूमिका! शिक्षिकेच्या भूमिकेसाठी आमचं खांद्यापर्यंतचं मध्यम तपकिरी मॉडेल उत्तम. आपल्याच शाळेतल्या भाषेच्या बाई आजारपणानंतर दोन वर्षं हेच वापरत आहेत. खाली वाकून फळ्याच्या तळाशी लिहितानाही ते जराही सरकत नाही आणि वर्गात आजवर कोणालाही कळलेलं नाही."

हे शेवटचं वाक्य उत्तर मिळाल्यानंतर साधारण पाच मिनिटं खरं राहिलं.

त्या दिवशी होईलराव घरी जेवायला बसले तेव्हा त्यांच्या बायकोने हसत हसत फोन पुढे केला. मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर काहीतरी फिरत होतं. "हे बघा, कुठलं तरी यंत्र काय बरळलंय ते. खरं असेल का हो?"

होईलरावांनी वाचलं. पहिल्या ओळी त्यांच्या डोळ्यांसमोरून तशाच गेल्या. मग ते "खाली वाकून फळ्याच्या तळाशी" या शब्दांपाशी आले आणि तिथेच थांबले.

ते शब्द त्यांचे होते. दोन वर्षांपूर्वी भाषेच्या बाई त्या आरशांच्या खोलीत बसल्या होत्या. उपचार नुकतेच संपले होते. डोक्याला रुमाल बांधलेला होता आणि तो सोडायला त्यांना बराच वेळ लागला होता. सगळं मोजून झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "एकच भीती आहे. मला उभं राहून पूर्ण फळा भरायची सवय आहे. अगदी तळापर्यंत. मी खाली वाकले आणि पोरांसमोर हे पडलं, तर मी पुन्हा वर्गात जाणार नाही." हे त्या इतक्या हळू बोलल्या होत्या, की होईलरावांना पुन्हा विचारावं लागलं होतं. मग त्यांनी ते कार्डावर लिहिलं होतं.

"बाबा," समोर बसलेली त्यांची मुलगी म्हणाली, "आज आख्खा वर्ग बाईंच्या केसांकडे बघत होता. बाईंनी फळ्याच्या अर्ध्यापर्यंतच लिहिलं."

होईलरावांनी घास खाली ठेवला. "तू बघितलंस?"

"सगळेच बघत होते ना."

"जेवा आता," बायको म्हणाली. "तुम्हाला काय झालं?"

"काही नाही," होईलराव म्हणाले. ते तसे खोटं बोलणारे नव्हते. पण जे झालं त्याला नेमकं काय म्हणावं, हे त्यांना त्या क्षणी कळेना.

दुसऱ्या दिवशी दुकानात तातडीची बैठक झाली. जावयाने सांगितलं की प्रसंग गंभीर आहे आणि अशा वेळी सर्वांत महत्त्वाचं असतं ते उत्तरदायित्व. शिबिरात या विषयावर अख्खं एक सत्र झालं होतं. (दुपारच्या जेवणानंतरचं होतं, त्यामुळे त्याला नीटसं आठवत नव्हतं.) उत्तरदायित्व कोणाचं हे आधी ठरवायचं म्हणून त्याने ज्या कंपनीकडून हितगुज घेतलं होतं तिला फोन लावला आणि होईलरावांच्या हातात दिला.

"सर, आमचं उत्पादन काही बोलत नाही," पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात म्हणाली. "ते फक्त पुढचा शब्द ओळखतं."

"पण हे शब्द त्याला कळले कुठून?"

"तुम्ही दिलेत सर."

"आम्ही दिले ते आमच्यापुरते."

"असं कुठे लिहिलं होतंत का सर? अटींमध्ये आहे बघा. माहिती योग्य आहे आणि ती देण्याचा तुम्हाला हक्क आहे, हे तुम्ही मान्य केलंय. शिवाय आमचं उत्पादन आम्हीही दुसऱ्या कंपनीकडून घेतो, त्यामुळे आतमध्ये काय होतं हे आम्हालाही सांगता येत नाही. त्यांना विचाराल तर तेही तुम्हाला हेच सांगतील. आणखी काही मदत करू का सर?"

"बाईंची माहिती त्यातून काढता येईल?"

"विनंती नोंदवते सर."

"म्हणजे निघेल?"

"म्हणजे नोंदवली जाईल सर."

जावयाने हे सगळं ऐकून निष्कर्ष काढला. दुकानाने काही केलं नाही, कारण कंपनीने केलं. कंपनीने काही केलं नाही, कारण यंत्राने केलं. यंत्राने काही केलं नाही, कारण यंत्र काही करत नाही. थोडक्यात कोणीच काही केलेलं नव्हतं, आणि तरीही ते उत्तमरीत्या पार पडलं होतं. या पोकळीत एखादा माणूस उभा करणं निकडीचं होतं. म्हणून त्याच बैठकीत होईलरावांची उत्तरदायित्व अधिकारी या पदावर नेमणूक करण्यात आली. पदाची कर्तव्यं जावयाने तिथल्या तिथे सांगितली : जबाबदार असणे, जबाबदार असताना शांत असणे, आणि नेमकं काय घडलं याची माहिती करून न घेणे, म्हणजे निःपक्षपातीपणा राहतो. पगार तोच. टोपी नवी देण्यात आली.

अधिकारी या नात्याने होईलरावांचं पहिलं काम म्हणजे बाईंना माफीचं पत्र पाठवणं. आठवडाभरात ते तीनदा लिहायला बसले. "बाई," एवढं लिहून तिन्ही वेळा त्यांचा हात अडला. शेवटी जावई म्हणाला, "हे काय? हितगुजकडून लिहून घ्या ना. त्याच्यासारखं मनापासून कोणाला जमणार आहे?"

हितगुजने पत्र लिहिलं. ते इतकं हृद्य होतं की ऐकताना मालकांचे डोळे भरून आले. पहिलाच परिच्छेद वाचून सगळ्यांचं समाधान झालं. दुसरा कोणी वाचला नाही. पत्राखाली होईलरावांची सही यंत्रानेच उमटवली आणि पत्र रवाना झालं.

दोन दिवसांनी बाई दुकानात आल्या. पुढच्या दाराने.

दुकानाच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. कंगवे मांडणारी मुलगी गोंधळून म्हणाली, "कंगवा दाखवू का?" आणि मग तिचं लक्ष बाईंच्या डोक्याकडे गेलं. त्यावर विग नव्हता, रुमालही नव्हता. बोटभरही नसतील असे बारीक, करडे केस होते, दोन वर्षांत तेवढेच उगवलेले. मुलगी लाल झाली. बाई म्हणाल्या, "नको. आता काही दिवस लागणार नाही."

मालक, जावई आणि होईलराव आतल्या खोलीत होते. खुर्ची एकच होती, त्यामुळे बाई बसल्या आणि दुकान उभं राहिलं. तिन्ही आरशांत मिळून बाईंच्या भोवती नऊ-दहा माणसं उभी असल्यासारखी दिसत होती. त्यांपैकी एकही त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

बाईंनी पिशवीतून पत्र काढलं. त्यावर लाल पेनने खुणा केलेल्या होत्या. ती त्यांची सवय होती, त्यात राग नव्हता.

"पहिलं वाक्य," त्या म्हणाल्या. "‘आपली माहिती अनवधानाने उघड झाली.’ कर्ता सांगा."

मालकांनी शाळेत असल्यासारखे हात मागे बांधले. "माहिती?"

"बरोबर. उघड कोण झालं? माहिती. व्याकरणाने काहीच चूक नाही. म्हणजे माझी माहिती एके दिवशी आपण होऊन उठली आणि पालकांच्या ग्रुपवर जाऊन बसली. पुढचं. ‘या चुकीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे.’ कोणाकडून?"

"तसं लिहायची पद्धत आहे मॅडम," जावई म्हणाला.

"पद्धत मला माहीत आहे. तीच मी शिकवते. म्हणून तर विचारतेय. या अख्ख्या पत्रात एकही माणूस नाही." त्यांनी पान उलटलं. "चुकले. एक आहे. दुसऱ्या परिच्छेदात. ‘या दुःखात आपण एकट्या नाही. आपल्या घराच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालकही गेल्या वर्षापासून याच अनुभवातून जात असून, त्यांच्या पत्नीसही याची कल्पना नाही.’ आता मी त्यांच्याकडे गोळ्या आणायला जाते तेव्हा कुठे बघू?"

जावयाने गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं.

"ती आमची माहिती काढून टाका," बाई म्हणाल्या. "माझीही आणि त्यांचीही."

"मॅडम, तसं निघत नाही ते," जावई म्हणाला. "ते एकदा शिकलं की शिकलं. मग विसरत नाही."

"कमाल आहे. माझ्या वर्गात उद्यापर्यंत कोणाला आठवत नाही." बाई हसल्या नाहीत. "मला फक्त एवढंच हवंय. कोणाकडे बघून रागवायचं ते सांगा. दहा दिवस झाले, मी पोरांवर रागावतेय. त्या पालकावर रागावतेय. परवा आरशात बघून स्वतःवर रागावले, की लपवायला कोणी सांगितलं होतं. मला दमायला झालंय. कोणी केलं हे?"

"प्रणालीत त्रुटी..." जावयाने सुरुवात केली.

"मी टाकली," होईलराव म्हणाले.

जावई खोकला. तो खोकला अर्थपूर्ण होता आणि होईलरावांना त्याचा अर्थ कळलाही. पण एकदा तोंड उघडल्यावर त्यांना आता थांबता येईना.

"तुम्ही मला हळू आवाजात सांगितलं होतंत. फळ्याचं. मी लिहून घेतलं. मग एक दिवस ते कार्ड हातात घेतलं, वाचलं, तुमची आठवण झाली आणि तरी मी ते त्यात टाकलं. तुम्हाला विचारावं असं मनात आलं होतं. मी विचारलं नाही. आणि हे पत्र मी लिहिलेलं नाही. मी ते वाचलंही नाही."

बोलता बोलता त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. ते दाट, काळे केस सगळ्या आरशांत एकदम दिसले आणि त्यांना त्यांची फार लाज वाटली.

बाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांकडे.

"मी माहिती टाकली," त्या हळूच म्हणाल्या. "हाही खरं तर कर्मणीच प्रयोग. पण कर्ता दिसतो." मग त्या उठल्या. "तुम्हाला मी माफ केलेलं नाही. पण आज मला झोप लागेल."

त्या आल्या तशा पुढच्या दाराने गेल्या.

त्यानंतर सगळं नियमाप्रमाणे झालं. बाईंनी तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कार्यालयात रीतसर तक्रार केली. कार्यालयाने दुकानाकडे खुलासा मागितला. दुकानाने तो हितगुजकडून लिहून घेतला. कार्यालयातही तोवर कामाचा भार कमी करण्यासाठी असाच एक सहायक आलेला होता. त्याने तो वाचला. दोघांचं पहिल्या पत्रापासूनच जमलं. एकमेकांच्या भावना समजून घेत आणि धन्यवाद देत त्यांनी प्रकरण वेगाने निकाली काढलं आणि "यापुढे योग्य ती खबरदारी घेण्यात यावी" असा निर्णय देण्यात आला. हा निर्णय वाचायला मात्र दोन्हीकडे एकही माणूस मोकळा नव्हता.

होईलरावांना कामावरून मुक्त करण्यात आलं. जावयाने त्यांना समजावून सांगितलं की यात वैयक्तिक काही नाही. उत्तरदायित्व अधिकाऱ्याने जबाबदार असायचं असतं, पण ते कबूल केल्यावर पदाचा हेतूच संपतो. निवेदनात लिहिलं होतं, "मानवी चूक आढळून आली असून ती दूर करण्यात आली आहे." होईलरावांनी ते वाचलं. आपण आढळून आलो आहोत, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

बायको आठवडाभर बोलली नाही. मग एकदम बोलली. "सगळे गप्प होते ना? मग तुम्हालाच काय घाई झाली होती?"

"तिथे उभं राहवेना," होईलराव म्हणाले.

"आता घरी बसा मग."

पण घरी बसायची वेळ आली नाही. थोड्याच दिवसांत त्यांना एका चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. लोक तिथेही त्यांना बरंच काही सांगतात. ते ऐकून घेतात आणि नंबर तेवढा लिहितात. कोणी काही मागितलं तर आता "देतो" म्हणतात, "बघतो" म्हणतात. आणि एकदा मालकाने काहीतरी सांगितलं तेव्हा "नाही करणार" असंही म्हणाले. त्यांचं त्यांनाच दचकायला झालं. मुलगी सांगते की बाई तशाच, बारीक केसांनी वर्गात येतात. पहिले दोन दिवस पोरं बघत होती. तिसऱ्या दिवशी बाईंनी फळा पार तळापर्यंत प्रश्नांनी भरला, तेव्हा पोरांना केसांपेक्षा मोठी काळजी लागली.

विगचं दुकान जोरात चालू आहे. आता तिथे रीतसर संमती घेतात. बारीक अक्षरातली ती बरीच पानं फोनवर येतात आणि खाली एक मोठं, हिरवं "मान्य आहे" असतं. आजवर ते सगळ्यांनी दाबलं. औषधाच्या दुकानाच्या मालकांनीही.

हे सगळं वाचताना होईलरावांचा तुम्हाला संताप आला असेल, आणि तो यायलाच हवा. ज्या माणसाने विश्वासाने, हळू आवाजात काही सांगितलं, त्याचं ते सगळं उचलून, त्याला न विचारता, कुठल्याशा यंत्राच्या घशात घालायचं, हे सुसंस्कृत माणसाचं लक्षण नव्हे. तुम्ही असं कधीच केलं नसतं. गेल्या महिन्यात बहिणीने तपासणीचा रिपोर्ट पाठवला, "आईला एवढ्यात सांगू नकोस" म्हणाली, तेव्हा तुम्ही तो फक्त फोनवरच्या त्या चॅटच्या खिडकीत टाकलात. तिच्या नावासकट, वयासकट. खाली लिहिलंत, "सोप्या भाषेत सांग, आणि तिला धीर देणारं काहीतरी लिहून दे." उत्तर फार सुंदर आलं. तुम्ही ते तसंच तिला पाठवलंत. ती रडली म्हणे. म्हणाली, इतक्या मनापासून मला आजवर कोणी लिहिलं नव्हतं.

अर्थात, ती गोष्ट वेगळी. तिला विचारलंच असेल तुम्ही.